लडीच्या दरबाराची हकीकत

॥ श्री ॥ पहिलें नमन विघ्नहर्त्यास. दुसरें नमन त्या अज्ञात मेंढीस, जिणें आपले पाठीवरची ऊब परक्या लेंकरांसाठीं दिली. आणि तिसरें नमन चुलीवरील जर्मनच्या पातेल्यास, ज्याचे पोटांत आजवर अनेक रंग उदयास आले आणि अस्तासही गेले. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयींचें वर्तमान ऐसें जे, एक राज्य होतें. त्याचें नांव लिहावयाची आज्ञा नाहीं, सबब लिहीत नाहीं. राज्य लहान पण मातबर. तिसरे मजल्यावरी किल्ला, तीन दालनें, एक मुदपाकखाना, पूर्वेस सज्जा, आणि सज्ज्यांत कपडे वाळत घालावयाच्या दोऱ्या. लिफ्ट बहुधा बंद, त्यामुळें शत्रूचें भय नाहीं आणि पाहुण्यांचेंही बेताचेंच. ते राज्याचे राजे श्रीमंत मुकुंदराव. त्यांणीं उभी उमर पाटबंधारे खात्यांत घालविली, कालव्याकालव्यांतून पाणी मोजिलें, आणि शालश्रीफळ घेऊन सन्मानें घरीं आले. बोलणें थोडें, वर्तमानपत्र मोठें. राग आला म्हणजे राजे ओरडत नसत, वर्तमानपत्र उघडीत, आणि राग भारी असला तर तें उलटें धरिलें आहे हेंही त्यांचे ध्यानीं येत नसे.

राणीसाहेब शैलजाबाई यांणीं शाळेंत गणित शिकविलें, आणि उरला वेळ सुयांस वाहिला. राज्यांत, राज्याबाहेर, माहेरीं, सासरीं, चुलत आणि मावस, ऐसा एक इसम नव्हता ज्याचे अंगावर राणीसाहेबांचे हातचा स्वेटर चढला नाहीं. देव्हाऱ्यांतील बाळकृष्णासही कानटोपी होती, आणि ती दर हिंवाळ्यास नवी होत असे. ऐशास त्या मुलखांत थंडी म्हणजे घाईची पाहुणी, आली आली म्हणतां निघून जाते. परंतु ही गोष्ट राणीसाहेबांस सांगावी ऐसी कोणाची छाती नव्हती. मग लोक कार्तिकापासून घामाघूम होऊन स्वेटर घालीत आणि छान ऊब आहे ऐसें म्हणत. राणीसाहेबांस बाजारचे रंग पसंत नव्हते. त्या पांढरी लोकर आणवीत, तुरटीचे पाण्यांत मुरवीत, आणि घरचे घरीं रंगवीत. डाळिंबाची साल, मंजिष्ठा, चहाचा चोथा, ऐसे अनेक सरदार पातेल्यांत उतरले आणि नांव कमावून गेले. एक बीट तेवढें फितूर निघालें. पातेल्यांत ऐसें गुलाबी दिसलें कीं इमारत पाहावयास लोटली, आणि पहिल्याच धुण्यास सगळा रंग मोरीवाटे पसार जाहला. तेव्हांपासून त्या राज्यांत बीट कोशिंबिरीपुरतें राहिलें.

आतां ते राज्याची एक चाल सांगितली पाहिजे, तिजवांचून पुढील मजकूर कळावयाचा नाहीं. लोकर गुंड्यांत असतां रंग आंतवर शिरत नाहीं, म्हणोन तिची सैल वेढ्यांची लड करून ती रंगवितात, आणि रंगून वाळल्यावर लडीचा पुन्हां गुंडा करितात. हें एकट्याचें काम नव्हे. एकानें दोन्ही हात पुढें करून पंजे उभे धरावे, त्यांवर लड चढवावी, आणि दुसऱ्यानें समोर बसून धागा ओढीत गुंडाळीत जावें. धागा उजवीकडून सुटतां धरणारानें उजवा हात किंचित कलवावा, डावीकडून सुटतां डावा, आणि हात खालीं आणिले कीं गुंता. राणीसाहेब लग्न होऊन आल्या, त्याच हिंवाळ्यांत त्यांणीं राजांस समोर बसविलें आणि हातांवर लड चढविली. आणि मग त्यांचे ध्यानीं आलें कीं, हे गृहस्थ आतां उठून जाऊं शकत नाहींत, वर्तमानपत्र उघडूं शकत नाहींत, आणि कोणी हांक मारली असेंही म्हणों शकत नाहींत. तेव्हां त्यांणीं हळूच विषय काढिला कीं लग्नानंतरही शाळेंतील नोकरी चालूं ठेवावी ऐसें मनांत आहे. राजे धागा पाहात हात कलवीत राहिले, राणीसाहेब बोलत राहिल्या, लड संपली, आणि राजे हात झटकून म्हणाले, “बरं.”

तेथपासून तो दरबारच पडून गेला. ज्यास जें मागावयाचें त्यानें राजांचे हात लडींत असतां मागावें, लड सरेपर्यंत बोलावें, आणि राजांनीं उत्तर तें लड सरल्यावर द्यावें, मधें बोलूं नये. याच दरबारीं राणीसाहेबांनीं फ्रीज मंजूर करून घेतला, आणि राजांच्या थोरल्या भगिनी इंदुताई, ज्या त्याच इमारतींत तळमजल्यास नांदत होत्या, त्यांणीं काशीयात्रेस सोबत मागितली. आणि राजकन्या मृण्मयी, राजांचें एकुलतें अपत्य, हिला तर बोलतां येऊं लागलें तेंच मुळीं लडीसमोर. आधीं सायकल, मग शास्त्रशाखा, मग स्कूटर, मग परगांवचें वसतिगृह. बाबांची लड धरली कीं मृण्मयी पाय दुमडून समोर बसे आणि गुंडा वळीत वळीत आपलें म्हणणें मांडी, आणि राजे ऐकत असत. खरें सांगावयाचें तर राजांस तें बसणें फार आवडे. उभ्या जन्मांत दुसरे कोठें त्यांणीं कोणाचें शेवटपर्यंत ऐकिलें नव्हतें, आणि दुसरे कोठें कोणी त्यांजपाशीं इतकें बोललेंही नव्हतें. पण ही गोष्ट त्यांणीं कोणास सांगितली नाहीं.

ऐसें चाललें असतां त्या कार्तिकांत राजकन्येनें जेवतां जेवतां वर्तमान घातलें कीं, उत्तरेकडे समुद्रापलीकडे एक हिमप्रांत आहे, तेथील विद्यापीठानें तिला बर्फ मोजावयाच्या कामीं बोलाविलें आहे, पौषांत निघावयाचें, आणि तीन वर्षें राहावयाचें. राणीसाहेबांस आधींच ठाऊक होतें. राजांस नव्हतें. राजांनीं घांस खालीं ठेविला आणि म्हणाले, “पाणीच मोजायचं आहे ना? मग इथं धरणं कमी पडली का?” राजकन्या म्हणाली, “बाबा, ते गोठलेलं असतं.” राजे म्हणाले, “मग वितळेपर्यंत थांब.” आणि ताटावरून उठले, आणि वर्तमानपत्र उघडिलें, आणि तें दुसरे दिवशींपर्यंत मिटलें नाहीं. मग घरांत मोठा अबोला पडिला. भांडण नाहीं, तंटा नाहीं, चहा वेळेवर, जेवण वेळेवर, पण राजे लेंकीकडे न पाहतां मीठ मागूं लागले. मृण्मयी आईस म्हणाली, “तिकीट काढलंय आई. पण बाबांनी तोंडानं ‘ये’ म्हटल्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही. आजवर कधी ओलांडला नाही.” ही त्या घरची रीत होती. जाणारानें येतें म्हणावें, आणि राहणारानें ये म्हणावें. मग तें वाण्याकडे जाणें असो कीं समुद्रापार. राणीसाहेब म्हणाल्या, “लड होऊ दे. एकदा हात अडकले की ऐकतील. आजवर ऐकलंय.” येणेंप्रमाणें मसलत ठरली कीं, हिमप्रांतासाठीं जाड लोकरीचा स्वेटर विणावा, त्याची लोकर कांद्याचे सालींत सोनेरी रंगवावी, आणि त्या लडीचे दरबारीं अर्ज गुदरावा. सगळी भिस्त त्या लडीवर होती.

कांद्याची सालें आणणें हें काम कदीम राजांचेंच. मंडईंत पिशवी घेऊन जावें आणि कांदेवाल्या बाईपाशीं खालीं सांडलेली सालें मागावीं, आणि बाईनें दर खेपेस म्हणावें, “काका, सालंच नेता हो, कधी कांदं बी न्या की!” राजे रागांत होते, तथापि पिशवी घेऊन गेले. कोणी सांगितलेंही नव्हतें. पातेलें चुलीवर पाहिलें आणि पाय आपोआप मंडईकडे वळले. परत येऊन पिशवी ओट्यावर ठेविली आणि सालींकडेही पाहिलें नाहीं, लेंकीकडेही पाहिलें नाहीं. राणीसाहेबांनीं सालें उकळिलीं, गाळिलीं, त्या पाण्यांत तुरटींत मुरलेल्या लडी सोडिल्या, विस्तव मंद केला. रंग ऐसा चढों लागला कीं घरांत ऊन पडल्याचा भास व्हावा. मग कळलें कीं जाड लोकरीस पुरतील ऐशा जाड सुया घरांत नाहींत. तेव्हां मायलेकी बाजारास निघाल्या आणि राणीसाहेब दारांतून म्हणाल्या, “अहो, पातेल्याकडे जरा लक्ष असू द्या. उकळी फुटू देऊ नका, एवढंच. लोकर आटते.” वर्तमानपत्राआडून हुंकार आला.

दार लागलें आणि राजे उठून मुदपाकखान्यांत गेले. पाहतात तों लोकर फुगून पाण्यावर आली आहे आणि तिची पाठ उघडी पडली आहे. राजांनीं कालव्यावर जन्म काढिला. जेथें पाणी पोंचत नाहीं तेथें पीक येत नाहीं हें त्यांस ठाऊक. त्यांचे मनांत आलें कीं इतकी लोकर रंगावांचून राहील आणि पोरीच्या पाठीवर पांढरे पट्टे येतील. डावानें दाबिली तर पुन्हां वर येते. मग त्यांणीं इकडे तिकडे पाहिलें, आणि खुंटीवरचा पोळ्यांचा लोखंडी तवा काढिला, आणि लोकरीवर ठेवणार तों हात थांबला, कारण तव्याचें बूड काळें होतें आणि काजळी लोकरीस लागली असती. तेव्हां राजांनीं खिशांतून आपला पांढरा स्वच्छ रुमाल काढिला, तो लोकरीवर नीट चहूंबाजूंनीं पसरिला, आणि त्यावर तवा ठेविला. लोकर पाण्याखालीं गेली. राजांस मोठें समाधान वाटलें. मग त्यांणीं वेताचा मोडा ओढून चुलीपाशीं बसकण घातली, आणि उकळी फुटेल ऐसें दिसतांच विस्तव कमी करावा, पाणी निवूं लागतांच वाढवावा, ऐसें पुष्कळ वेळ करीत राहिले, जणूं पातेल्यांत लोकर नसून तापानें फणफणलेलें पोर आहे.

जिन्यांत मायलेकींचे आवाज आले, तों राजांस आठवलें कीं आपण रागावलेले आहों. रागावलेला राजा चुलीपाशीं मोड्यावर सांपडला तर राज्याची अब्रू काय राहिली? मग मोठी धांदल करून तवा उचलिला, नळाखालीं धरून खुंटीस टांगिला, रुमाल पिळून विजारीच्या खिशांत कोंबिला, आणि मायलेकी आंत येतात तों राजे वर्तमानपत्राआड स्थानापन्न होते. राणीसाहेबांनीं पातेल्यांत डोकाविलें आणि लोकर डावानें वर उचलून पाहिली. सोनेरी रंग गेला होता. लोकर हिरवट, काळपट, साचल्या तळ्यावरच्या शेवाळासारखी जाहली होती. लड तीस वर्षें हातांवर धरून राजांस ठाऊक होती, परंतु रंगाचा दुष्मन लोखंड आहे, तें पाण्यांत पडिलें कीं सालीचा रंग बिघडवून टाकतें, ही गोष्ट त्यांस कोणीं सांगितली नव्हती. कारण दरबारांत बोलत ते दुसरेच, राजे काय तें ऐकत, आणि रंगाविषयीं कोणीं अर्ज केला नव्हता. राणीसाहेबांनीं ओला तवा खुंटीवर पाहिला आणि बाहेर येऊन पुसिलें, “तवा घातलात तुम्ही यात?” राजे म्हणाले, “हो.” “लोखंडानं रंग मरतो हे माहीत नव्हतं?” राजांनीं खरें सांगितलें असतें तर चुलीपाशीं बसल्याचें सांगावें लागलें असतें, आणि रुमालाचें सांगावें लागलें असतें, आणि मग रागाचें काय राहिलें असतें? राजांनीं वर्तमानपत्र आणखी वर धरिलें. तेव्हां राजकन्या म्हणाली, “असू दे आई. बाबांना मी जायलाच नको आहे. मग रंग तरी कशाला नीट यायला हवा?” हें वाक्य राजांचे काळजास ऐसें लागलें कीं मागील साऱ्या नोकरींत साहेबाचें एवढें लागलें नव्हतें. त्यांणीं वर्तमानपत्र मिटलें, जें ते कधीं करीत नसत, आणि म्हणाले, “ठीक आहे. मग यापुढं लड दुसऱ्या कोणाला धरायला सांगा. मी धरणार नाही.”

राज्यांत हाहाकार जाहला. लड न धरण्याचें राजांचे तोंडीं आजवर आलें नव्हतें. लडी सज्ज्यांत वाळल्या, हिरव्याकाळ्या, उतरल्या चेहऱ्यानें लोंबकळत राहिल्या, आणि खालून येणारेजाणारे मान वर करून पाहूं लागले. दुसरी लोकर रंगवावी तर तसली जाड पांढरी लोकर दुकानांत सरली होती. पौष जवळ येत चालला. मग राणीसाहेबांनीं जेवणाचे मेजाची एक खुर्ची उलटी घालून तिचे पायांवर लड चढविली आणि गुंडाळावयास आरंभ केला. परंतु खुर्चीस कलतां येत नाहीं. धागा पायांत अडके, ओढावा तर खुर्चीच चालूं लागे, आणि दोन वेढे एकदम सुटून ऐसा गुंता जाहला कीं मायलेकी समोरासमोर बसून एक टोंक शोधीत राहिल्या, आणि राजे आंतून सर्व ऐकत राहिले. खुर्ची फरशीवर घासटली कीं राजांचे हात मांडीवरून आपोआप वर उठत. मग ते हात पुन्हां खालीं घालून वर्तमानपत्र धरीत. तेव्हां इंदुताई तळमजल्याहून वकिली करावयास वर आल्या, जिना चढून दम लागला होता तो घेतला, आणि म्हणाल्या, “मुकुंदा, पोरीच्या स्वेटरात तवा घातलास म्हणे!” राजे म्हणाले, “घातला.” “मुद्दाम?” राजांनीं वर्तमानपत्राचें पान उलटिलें. इंदुताई म्हणाल्या, “लहानपणी माझी पाटी फोडलीस तेव्हाही असाच बसला होतास, तोंडाला कुलूप घालून. आणि नंतर कळलं, पाटी मांजरानं पाडली होती. तू ती पकडायला धावला होतास.” राजे म्हणाले, “ताई, चहा घे.” इंदुताईंनीं चहा घेतला आणि तह न होतांच खालीं उतरल्या.

पुढें एके सकाळीं राजकन्या कपडे यंत्रांत घालावयास निघाली. घरचा शिरस्ता ऐसा कीं आधीं खिसे तपासावे, कारण राजांचे खिशांत नेहमीं बडीशेप असावयाची. राजांची विजार कोपऱ्यांत कांहीं दिवस तशीच पडली होती. तिचे खिशांतून बडीशेप निघाली, आणि तिच्याखालून एक वाळून कडक जाहलेला रुमाल निघाला. मृण्मयीनें तो उलगडिला. रुमालाच्या कडा सोनेरी होत्या, अगदीं त्या पहिल्या रंगाच्या, आणि मधोमध एक हिरवट काळें वाटोळें होतें, तव्याएवढें. तिनें तो खुंटीवरच्या तव्याशीं लावून पाहिला. बरोबर बसला. ज्यास रंग बिघडवायचा आहे तो तव्याखालीं रुमाल कशाला पसरील? आणि तोही नीट, चारही टोंकें सरळ करून? तिला दिसलें कीं बाबा ओट्यापाशीं उभे आहेत, हातांत तवा आहे, आणि तिच्या लोकरीस काजळी लागूं नये म्हणोन खिसा चांचपीत आहेत. आणि ती त्यांस काय बोलली होती! राजकन्येस रडूं फुटलें. ती मोरीपाशीं खालीं बसली आणि रुमाल तोंडाशीं धरून पोटभर रडली. मग तिनें तोंड धुतलें, रुमालाची घडी केली, आणि आईसही कांहीं न बोलतां सज्ज्यांतून एक लड काढून आणिली.

राजे आपले खुर्चींत वर्तमानपत्र उघडून बसले होते. मृण्मयी समोर जाऊन, लहानपणीं बसे तशी, पाय दुमडून बसली, आणि म्हणाली, “बाबा, हात.” वर्तमानपत्र हललें नाहीं. मग तिनें घडी केलेला रुमाल त्यांचे मांडीवर ठेविला. वर्तमानपत्र हळूहळू खालीं आलें. राजांनीं रुमाल पाहिला, लेंकीकडे पाहिलें, त्या अबोल्यानंतर प्रथमच पाहिलें, आणि दोन्ही हात पुढें केले आणि पंजे उभे धरिले. राजकन्येनें लड चढविली आणि टोंक काढून गुंडाळावयास आरंभ केला. राणीसाहेब मुदपाकखान्याचे दारांत पदर खोंचून उभ्या राहिल्या. आतां अर्ज होईल, ऐसी त्यांस खात्री. परंतु मृण्मयी कांहींच बोलेना. गुंडा वळूं लागला, धागा सुटूं लागला, राजे उजवा हात कलविते जाहले, डावा कलविते जाहले, आणि घरांत शब्द नाहीं. दरबार भरला आहे आणि अर्जदार गप्प, ऐसें त्या राज्यांत आजवर जाहलें नव्हतें. लड अर्धी उतरली. तेव्हां कायदा मोडून राजेच बोलिले. “तिकडं लड कोण धरणार तुझी?”

मृण्मयी म्हणाली, “खुर्ची आहे की बाबा. खोलीत एक देतात.”

“खुर्चीला हात हलवता येतात का?”

“नाही.”

“मग गुंता होईल.”

“झाला तर सोडवीन. इथंही सोडवलाच ना, तुम्ही आत बसला होतात तेव्हा.”

राजांनीं डावा हात कलविला आणि म्हणाले, “मला वाटलं, पाठीवर पांढरे पट्टे येतील. पाणी पोचत नव्हतं तिथं.” राजकन्या म्हणाली, “कळलं बाबा.” राजे म्हणाले, “मला लोखंडाचं माहीत नव्हतं गं.” राजकन्येनें मान हालविली आणि ती गुंडाळीत राहिली. मग राजे म्हणाले, “मला तू जायला नको आहेस हे खरं आहे. ते खोटं कशाला सांगू? तू जाऊ नयेस असं मला वाटतंय, आणि तुला पट्टे पडू नयेत असंही वाटतंय. दोन्ही वाटतंय. त्याला मी काय करू?” राणीसाहेब दारांतून पदरानें डोळे पुसूं लागल्या. शेवटचा वेढा सुटला, धाग्याचें टोंक राजांचे करंगळीवरून सरकलें आणि गुंड्यांत गेलें. राजांचे हात रिकामे जाहले, परंतु ते तसेच उभे राहिले. मृण्मयी म्हणाली, “संपली बाबा.” राजे म्हणाले, “माहीत आहे. दुसरी आण.” मग त्या दिवशीं सर्व लडी राजांचे हातांवरून उतरल्या, मधें पोहे आले ते राजकन्येनें चमच्यानें भरविले, आणि इंदुताईही बातमी ऐकून वर येऊन बसल्या.

मग राणीसाहेबांच्या सुया ऐशा चालल्या कीं टकटक आवाज जिन्यांत ऐकूं यावा. पाठ जाहली, पोट जाहलें, बाह्या जाहल्या, गळा जाहला. आणि नवल ऐसें कीं जो रंग पातेल्यांत शेवाळासारखा दिसला होता, तो विणींत उतरतां आंब्याच्या जून पानासारखा गंभीर दिसों लागला, आणि राजकन्येच्या वर्णास ऐसा शोभला कीं सोनेरी शोभलाच नसता. राणीसाहेबांनीं तें कबूल केलें, मात्र राजांसमोर नाहीं. त्या रंगास तवई ऐसें नांव पडिलें. पौषांत निघावयाचा दिवस उगवला. घरचा उंबरा तिघांनीं मिळून ओलांडिला, खरा उंबरा तो विमानतळाचा. तेथें गर्दी, घाम फुटावा ऐसी हवा, आणि मृण्मयी तो जाड स्वेटर अंगांत घालूनच उभी. राणीसाहेब म्हणाल्या, “काढ आता तो, उकडेल.” ती म्हणाली, “नाही काढणार.” मग ती वांकली, उठली, आणि म्हणाली, “बाबा, येते.” राजांनीं तिच्या बाहीची वीण उगाच ओढून नीट केली, नीट होती तीच पुन्हां नीट केली, आणि मग म्हणाले, “ये.” आवाज फुटला, पण शब्द पुरा निघाला. राजकन्या आंत गेली. हिरवी पाठ गर्दींत दिसेनाशी होईतों राजे उभे राहिले, आणि पाठीवर पट्टे कोठेंच नव्हते.

पुढें माघ गेला, फाल्गुन गेला, आणि चैत्री पाडव्यास संवत्सर पालटलें. एके सायंकाळीं राजांचे मोबाइलवर हिमप्रांतींचा कॉल आला. राणीसाहेबांनीं मोबाइल साखरेच्या डब्यास टेकवून उभा केला. त्यांत मृण्मयी दिसली, अंगांत तवई स्वेटर, मागें खिडकी, खिडकींत बर्फ. हातांत लोकरीची रंगवून वाळविलेली लड होती, आणि तिचा रंग हिरवट काळपट. ती म्हणाली, “आई, कांद्याची सालं इथल्या दुकानात मागितली तर बाई हसायलाच लागली. पण दिली. तवा नव्हता, मग गंजके खिळे घातले पातेल्यात. बाबांच्या कानटोपीसाठी.” राणीसाहेब म्हणाल्या, “अगं, सोनेरी नाही का करायचा?” ती म्हणाली, “सोनेरी नको होता.” मग तिनें लड खुर्चीचे पाठीवर अडकविली, खुर्ची मोबाइलसमोर ओढिली, लडीचें टोंक हातांत घेतलें, आणि म्हणाली, “बाबा, हात.”

राजांनीं चष्मा नीट केला, खुर्ची पुढें सरकावली, दोन्ही हात मोबाइलसमोर धरिले, आणि पंजे उभे केले. तिकडे धागा खुर्चीवरून सुटूं लागला. इकडे राजे उजवा हात कलवूं लागले, डावा कलवूं लागले, आणि राजकन्या गुंडाळीत गुंडाळीत बोलूं लागली, बर्फाचें, खोलीचें, नव्या मैत्रिणींचें, आणि राजे ऐकत राहिले. राणीसाहेब चहाचा कप घेऊन आल्या आणि मेजावर ठेवूं लागल्या, तों राजे म्हणाले, “तिथं नको ठेवू, मला घेता येणार नाही. दिसत नाही का, हात अडकलेत.” राणीसाहेबांनीं पाहिलें, राजांचे हातांत कांहीं नव्हतें. मग त्या शेजारीं बसल्या, कप बशींत ओतिला, फुंकर घातली, आणि बशी राजांचे ओठांशीं धरिली.

येणेंप्रमाणें राजांचे लग्नाचे हिंवाळ्यांत आरंभलेला दरबार शके एकोणीसशें सत्तेचाळीसांतही चालूं आहे. गुंता होतो, पण थोडा. राज्याचा रंग तवई ठरला. रुमाल राणीसाहेबांनीं धुतला नाहीं, बाळकृष्णाचे खालीं आसन म्हणोन अंथरिला आहे. ज्यास पाहावयाचा त्यानें यावें, जिना चढावा लागेल. हें लिहिण्यांत सुलटाचें उलट जाहलें असेल तर वाचणारानें एक घर उसवून घ्यावें, बाकीची वीण घट्ट आहे. लेखनसीमा.